डब्यात जमलेलं तेल

मागच्या वेळी या सदरात इन्व्हर्टरच्या बॅटरीत कुठलं पाणी घालावं यावर लिहिलं होतं. त्यावर बंगळूरहून एका मैत्रिणीनं कळवलं, "घरातली बॅटरी झाली, आता दारातल्या गाडीचंही लिही की." आमच्या दारात गाडी म्हणजे काकांची व्हॅन. बारा सीटर, टर्बो डिझेल, २०१७ ची, आणि मीटर दोन लाख चाळीस हजारांच्या पुढे. पौर्णिमेला नरसोबाची वाडी, सौंदत्तीची यात्रा, लग्नाची वऱ्हाडं, मोपा विमानतळाची भाडी, असं तिचं वर्ष जातं. काकांचं घर तिच्यावर चालतं. चुलत बहिणीची कॉलेजची फीसुद्धा.

मी बी.ई. मेकॅनिकल, पण नोकरी पहिल्या दिवसापासून सॉफ्टवेअरची. आमच्या बॅचमधले निम्मे असेच. पिस्टनची आकृती परीक्षेत काढली होती. पिस्टन हातात धरला तो थेट गेल्या वर्षी. तेव्हा आज जे सांगतोय ते जाणकाराचं सांगणं नाही. एका चुकलेल्या माणसाचं आहे, एवढं धरून वाचा.

गेल्या मे महिन्यात साखळी सोडून चोर्ला घाट चढताना गाडी दमायला लागली. तिसऱ्या गिअरवर जाणारा चढ दुसऱ्यावर, मागं काळा धूर, आणि आत वऱ्हाड. काकांनी कशीबशी बेळगाव गाठली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप काढला, तर त्यातून फुलपात्रभर काळं तेल जमिनीवर पडलं. गॅरेजवाल्यानं तेल बघितलं, काकांकडं बघितलं आणि म्हणाला, "टर्बो गेला." अंदाज दिला ५२ हजार.

काका घरी येऊन गप्प बसले. काकूनं दोनदा चहा विचारला, तरी उत्तर नाही. मी तेव्हा घरूनच काम करत होतो. मला वाटलं, चला, बी.ई.चा उपयोग करायची वेळ आली.

आधी हे तेल तिथं येतं कसं, ते सांगतो. डिझेल इंजिनात सिलिंडरमध्ये जळताना दाब शंभर बारच्याही पुढे जातो. तो दाब अडवायला पिस्टनभोवती लोखंडी कड्या असतात, रिंगा. कडीला तोंड असतं, तोंडात फट असते. त्यामुळे इंजिन कितीही नवं असलं तरी थोडा गॅस कडेनं खाली, क्रँककेसमध्ये, उतरतोच. पुस्तकात याला ब्लो-बाय म्हणतात. आपल्याकडचे मेस्त्री याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात, आणि मला तोच शब्द जास्त बोलका वाटतो. टर्बो असला की सिलिंडरमधला दाब वाढतो म्हणून हा गॅसही वाढतो. शिवाय टर्बोच्या दांड्याच्या सीलमधून थोडी हवा तेलाच्या परतीच्या नळीनं खाली येते, आणि ब्रेकसाठी निर्वात करणारा पंपही आपली हवा क्रँककेसमध्येच सोडतो. खाली फिरणाऱ्या क्रँकनं तेलाचा फवारा उडवलेला असतोच. म्हणजे गॅस, वाफ आणि तेलाचे बारीक थेंब यांचं एक धुकं तयार होतं. त्याला बाहेर जायला वाट हवी, नाहीतर आतला दाब वाढून तेल मिळेल त्या सीलमधून बाहेर येईल.

पूर्वी ही वाट सरळ रस्त्यावर उघडायची. जुन्या ट्रकच्या पोटाखाली लोंबणारी, थेंबथेंब गळणारी नळी तुमच्यापैकी काहींनी बघितली असेल. पुढं हवेच्या प्रदूषणाचा अभ्यास झाला. १९६१ च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियातल्या गाड्यांत हा धूर परत इंजिनातच जाळायची सोय आली, आणि हळूहळू जगभर तसंच झालं. आता ब्रीदरची नळी टॅपेट कव्हरवरून निघून टर्बोच्या तोंडाशी, एअर फिल्टरच्या पुढं जोडलेली असते. धुकं टर्बो ओढून घेतो. टर्बोपासून इंटरकूलर, तिथून मॅनिफोल्ड. वाटेत थंड झालं की तेल भिंतींना धरतं आणि इंटरकूलरच्या तळाशी जमतं. आपल्या डिझेल गाड्यांत धुराचा काही भाग ईजीआरमधून परत मॅनिफोल्डमध्ये येतो. त्यातली काजळी आणि हे तेल मिळून डांबरासारखा थर बसतो. मी बोटानं खरवडून बघितला. जुन्या कढईच्या बुडाला असतो तसा, फक्त चिकट.

मग काकांच्या गाडीत टर्बो गेला होता का? इथं मात्र माझं कॉलेज कामाला आलं. टर्बोच्या पुढच्या पाइपात तेल होतं हे खरं. पण मी टर्बोच्या आधीचा, एअर फिल्टरकडचा पाइप काढला. तोही ब्रीदरच्या नळीच्या जोडापासून टर्बोच्या तोंडापर्यंत ओला. जोडाच्या अलीकडं, फिल्टरच्या बाजूला, कोरडा. टर्बोच्या सीलमधून गळलेलं तेल हवेच्या उलट दिशेनं चालत त्या जोडापर्यंतच नेमकं येईल कशाला? हे तेल ब्रीदरचं होतं. टर्बोची चाती बोटानं फिरवून बघितली. मोकळी फिरत होती, आजूबाजूला कुठं घासल्याची खूण नव्हती.

आणि दम का गेला होता? इंटरकूलरकडचा रबरी पाइप वर्षानुवर्षं तेल पिऊन मऊ झाला होता आणि क्लिपेखाली फाटला होता. टर्बोनं दाबलेली हवा त्या फटीतून निघून जात होती. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. नवा पाइप १,८०० रुपयांना आला. ५२ हजारांच्या जागी १,८००! काकू रात्री शिरा करून घेऊन आली. माझी कॉलर जरा ताठ झाली, आणि पुढची चूक त्या ताठपणातूनच झाली.

पाइप बदलला तरी तेल येतच राहणार होतं. त्यावर उपाय म्हणून जगभर लोक ऑइल कॅच कॅन लावतात. ब्रीदरची नळी टर्बोकडे जाण्याआधी एका डब्यातून न्यायची. डब्यात धुकं आडव्या पत्र्यांवर आणि जाळीवर आपटतं, बारीक थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात, खाली पडतात. राहिलेला गॅस वरच्या नळीनं टर्बोकडे जातो. तळाशी कॉक, तो उघडून तेल काढायचं. यात न समजण्यासारखं काही नाही. मी ऑनलाइन ९०० रुपयांचा डबा मागवला. निळा, चकचकीत. रविवारी दुपारी लावूनही टाकला.

लावायच्या आधी डबा उघडून बघितला, एवढी बुद्धी झाली. आत काहीच नव्हतं! नुसता पोकळ डबा, दोन भोकं. धुकं एका भोकातून शिरून दुसऱ्यातून निघून जाणार. मग मी स्वयंपाकघरातली भांडी घासायची तारेची नवी घासणी आणून आत कोंबली. समाधानानं हात धुतले.

तिसऱ्या दिवशी काकांनी हाक मारली. टॅपेट कव्हरच्या कडेनं तेल पाझरत होतं. आधी कधीच नव्हतं. ऑइलची पट्टीसुद्धा जागेवरून अर्धा इंच वर आलेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुने मेस्त्री बसतात. चाळीस वर्षं डिझेलची कामं करतायत. त्यांना बोलावलं. त्यांनी निळा डबा बघितला, त्याच्या तोंडाची नळी बघितली आणि मला विचारलं, "इंजिनिअर साहेब, गाडीचा पाइप केवढा हाय?"

"पंचवीस एमएम."

"आणि डब्याचं तोंड?"

दहा एमएम होतं. मी दोन जोड लावून पंचवीसचं दहा केलं होतं. दहाचं छिद्र म्हणजे पंचविसाच्या क्षेत्रफळाचा सहावा हिस्सा. हे गणित मला आठवीतलं येत होतं, फक्त करायचं सुचलं नव्हतं. इंजिनाला श्वास सोडायची वाट मी बंद करत आणली होती. "तुमच्या कॉलेजात हे शिकवलं न्हवतं व्हय?" मेस्त्री हसून म्हणाले. मग डबा उघडून त्यांनी घासणी बाहेर ओढली. तिचे केसासारखे तुकडे त्यांच्या बोटांना चिकटले. यावर ते हसले नाहीत. "ही तार टर्बोत गेली असती तर?" एवढंच म्हणाले. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. त्याच्या पात्यांवर लोखंडाचा कीस गेला असता, तर वाचवलेले ५२ हजार मी स्वतःच्या हातानं घालवले असते.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती पुस्तकात शोधल्यावर तंतोतंत पटली. टर्बोला तेल पंपानं दाबून मिळतं, पण परत जातं ते आपल्या वजनानं, उतारानं, खाली चेंबरमध्ये. चेंबरमध्ये दाब वाढला की ही परतीची वाट तुंबते, आणि तेल टर्बोच्या सीलमधूनच बाहेर पडायला लागतं. म्हणजे चांगल्या टर्बोतून तेल गळवायचं असेल, तर माझ्यासारखा डबा लावावा.

आता अंदाजावर काम करायचं नाही असं ठरवलं. घराच्या बांधकामातून उरलेली गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी होती. तिचा 'यू' आकार करून फळीवर बांधला, शेजारी पट्टी लावली, आत निळ्या शाईचं पाणी. एक टोक उघडं, दुसरं रबराच्या बुचातून ऑइल पट्टीच्या नळीत. इंजिन चालू केलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे क्रँककेसचा दाब. नळी बरीच लांब ठेवा, नाहीतर पाणी ओढलं जाऊन इंजिनात जाईल. आणि पाणी नाचत असेल तर नळी मध्ये जराशी चिमटीत धरा. डब्याशिवाय, २,५०० फेऱ्यांवर फरक आला २ सेंटिमीटर. निळ्या डब्यासह १४. आकडा बघून काका म्हणाले, "अरे बाबू, एवढं दिसत होतं तर आधी बघायचं न्हाईस?" उत्तर नव्हतं.

दुसरा डबा उद्यमबागेत करून घेतला. बेळगावात राहायचा हा एक फायदा. हायड्रॉलिक्सचे भाग करणाऱ्या, क्रँकशाफ्ट घासणाऱ्या माणसांना असला डबा म्हणजे दुपारच्या जेवणाआधीचं काम. साधारण एक लिटरचा, ॲल्युमिनियमचा. येण्याची वाट कुशीतून, जाण्याची डोक्यावरून, दोन्ही पूर्ण पंचवीस एमएम. आत एक आडवा पत्रा, म्हणजे येणारा झोत सरळ वर जाऊ नये. त्यावर स्टेनलेसची विणलेली जाळी, आणि जाळीच्या वर-खाली भोकं पाडलेल्या चकत्या, म्हणजे एखादी तार सुटलीच तरी बाहेर जाऊ नये. तळ उतरता, मधोमध कॉक. मजुरीसह २,६०० रुपये लागले. पुन्हा नळी लावली: ३ सेंटिमीटर. आता ठीक.

लावताना काय बघितलं, ते एका दमात सांगतो. कूलंटचा पाइप वापरू नका. ते रबर पाण्यासाठी असतं, तेलात फुगतं. तेलासाठीचा नायट्राइल रबराचा पाइप मागा. दुकानदार "सगळं एकच हाय" म्हणेल. पाइपावर छापलेलं वाचा. डबा उभाच हवा आणि एक्झॉस्टपासून लांब. आम्ही बॅटरीच्या बाजूला बॉडीवर ब्रॅकेट मारला. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून पाइपाला थोडी ढील. इंजिनाकडून डब्याकडे उतार ठेवा, मध्ये पाइप लोंबला तर त्या पोटात तेल-पाणी साचून वाट बंद होते. क्लिपा चारही नव्या.

आणि दोन गोष्टी करू नका. ब्रीदर डब्यात सोडून डब्याला वर नुसता फिल्टर लावून हवेत उघडा करायचा, अशी एक सोपी पद्धत आहे. त्यात तो वास गाडीत येतो, विषारी धूर रस्त्यावर जातो, आणि साठ वर्षांपूर्वी बंद केलेली चूक आपण परत सुरू करतो. दुसरं, एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत हा खेळ करू नका. त्या गाड्यांत सेन्सर असतात, ब्रीदरमध्ये मुळातच तेल वेगळं करायची बरी सोय असते, वॉरंटीचा प्रश्न असतो. आणि गाडीत फेरबदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ची बंधनं आहेत. काकांची गाडी जुनी, वॉरंटी केव्हाच संपलेली. तरीही लावण्याआधी आम्ही विमा एजंटला आणि पासिंगचं काम बघणाऱ्या माणसाला विचारलं होतं.

पेट्रोल टर्बोचं थोडं वेगळं असतं. तिथं ब्रीदरला दोन वाटा असतात, मध्ये एकदिशा झडप असते, आणि डबा चुकीच्या वाटेवर लागला तर काहीच जमत नाही. ते परत कधीतरी.

आता मूळ गोष्ट. डबा लावल्यावर मी काकांना एक दोनशे पानी वही दिली. दर हजार किलोमीटरला कॉक उघडायचा, तेल औषधाच्या मापानं मोजायचं, तारीख, मीटर आणि मिलिलिटर लिहायचं. सॉफ्टवेअरवाल्याची खोड, जे चालतं त्याचा लॉग हवा. काकांनी आधी कुरकुर केली, पण त्यांचं अक्षर सुरेख आहे आणि वहीत लिहायला त्यांना आवडतं. जूनमध्ये पहिलं वाचन ६० मिलिलिटर. काका खूष: "बघ की, एवढी घाण टर्बोत जात होती."

पावसाळ्यात आकडा वाढला, १३०, १५०. पण निघालेलं तेल नव्हतंच. फिकट, दाट, घुसळलेल्या ताकावरच्या लोण्यासारखं काहीतरी. काकू ते बघून नाक मुरडून आत गेली. आमच्याकडच्या पावसात, शाळेच्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, वाफ डब्यात थंड होते आणि तेलात घुसळली जाते. हेड गॅसकेटमधून पाणी येत असेल तरी असंच दिसतं, म्हणून आम्ही पंधरा दिवस रोज सकाळी कूलंटची पातळी बघितली. ती हलली नाही. तेव्हा पावसाचंच.

डिसेंबरात हवा कोरडी झाली, लांबची भाडी सुरू झाली. आता आकडा परत साठावर यायला हवा होता. आला ११०. मग १४०. जानेवारीत १८०, आणि हे निव्वळ काळं तेल, पाण्याचा थेंब नाही. गाडी मात्र मस्त पळत होती. पाइप आतून कोरडे, धूर नाही. वही नसती तर कुणाला काही कळलंच नसतं. डबा भरत होता, काका रिकामा करत होते, वरून अर्धा लिटर ऑइल घालत होते.

एका रविवारी मी सहा महिन्यांचे आकडे ओळीनं वाचले आणि मला घाम फुटला. मी सगळ्यांना, स्वतःलाही, सांगत आलो होतो की डब्यानं दुखणं बरं केलं. डब्यानं दुखण्याचं फक्त तेल गोळा केलं होतं. मेस्त्रींनी चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर ठेवलं. झाकण तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखं नाचायला लागलं. "बॅक कॉम्प्रेशन. रिंगा," ते म्हणाले. कॉम्प्रेशन मोजलं. तीन सिलिंडर २६ ते २८ बार. तिसरा १९. त्यात हवा भरून बघितली, तर फुसफुस ऑइल पट्टीच्या नळीतून ऐकू आली. इंजिन खोलावं लागणार होतं. ८० हजारांच्या आसपास.

असं चालू ठेवण्यात धोका काय, ते मी काकांना मुद्दाम सांगितलं, तुम्हालाही सांगतो. डबा वेळेवर रिकामा झाला नाही आणि भरून वाहिला, तर साठलेलं तेल एकदम टर्बोत ओढलं जातं. डिझेल इंजिन तेलावरही चालतं. मग किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, फेरे वाढत जातात आणि शेवटी ते फुटतं. असं झालंच, तर हाती गिअरच्या गाडीत सगळ्यात वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून धरून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडतं. तेही जमलं नाही तर माणसं उतरवून लांब जायचं. हवेच्या तोंडावर हात तर कधीच ठेवायचा नाही. बारा माणसं घेऊन अनमोडच्या घाटात हे करायची वेळ येऊ नये.

काकांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "विकून टाकू या."

गडहिंग्लजकडचा एक मुलगा गाडी बघायला आला. पंचविशीचा, सोबत वडील. पहिलीच गाडी, कर्ज काढून घेणार, शाळेच्या फेऱ्यांसाठी. तो यायच्या सकाळी काका अंगणात डबा रिकामा करताना मला दिसले. वाचन हजार किलोमीटरचं नव्हतं, वहीही उघडलेली नव्हती. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं, जाऊ दे. तेल कोरडं, पाइप स्वच्छ, धूर नाही; तो मुलगा कितीही हुशार मेस्त्री घेऊन आला असता तरी पाइप काढून बघून "बढिया हाय" म्हणाला असता. आणि ते पाइप मीच स्वच्छ ठेवले होते.

गाडी चालवून बघायला ते तिघं पिरनवाडीपर्यंत गेले. मी घरीच थांबलो. तासाभरानं परत आले तेव्हा मुलाचे वडील काकांचा हात हातात घेऊन काहीतरी बोलत होते, आणि मुलाच्या हातात वही होती. तो जानेवारीचं पान बघत होता. काकांनी येताना पेट्रोल पंपावर गाडी थांबवून ती डॅशबोर्डच्या खणातून स्वतःच काढून दिली होती. व्यवहार अर्थातच झाला नाही. मुलानं इंजिनकामाचे ऐंशी हजार वजा करून भाव सांगितला, काकांना तो परवडेना. जाताना त्यानं डब्याचे चार फोटो मात्र काढून नेले.

रात्री जेवताना काकूनं विचारलं, "का दाखवलीत वही?" काका म्हणाले, "पोरगं त्यात शाळेची मुलं बसवणार होतं." पुढं कुणी काही बोललं नाही. माझा घास मात्र बराच वेळ खाली उतरेना.

इंजिन फेब्रुवारीत खोललं. तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगा तुटलेल्या निघाल्या, बोअरला ओरखडे. मॅनिफोल्डमधला तो डांबरी थर खरवडून काढायला मेस्त्रींच्या पोराला पूर्ण दिवस लागला. पतसंस्थेतून थोडं कर्ज झालं, थोडे मी घातले. काकांनी ते परत द्यायला सुरुवातही केली आहे, नको म्हटलं तरी. गाडी तीन आठवडे उभी होती, लग्नसराईची तीन भाडी गेली.

नव्या रिंगा बसेपर्यंत पहिल्या हजारात डब्यात ७० आले. मग ४०. गेल्या दोन वेळा २५. हे तेल इंजिनात परत घालायचं नाही, बरं का. त्यात पाणी, डिझेल, आम्ल सगळं असतं. गटारातही ओतायचं नाही. आमच्याकडं ते एका कॅनमध्ये साठतं आणि ऑइल बदलताना निघालेल्या जुन्या तेलाबरोबर जातं. हातमोजे घालावेत. काका घालत नाहीत.

तो गडहिंग्लजचा मुलगा परवा फोनवर विचारत होता, त्यानं घेतलेल्या दुसऱ्या गाडीला डबा लावायचाय, उद्यमबागेतला पत्ता मिळेल का. पत्ता दिला. डबा बसवण्याआधी लेव्हल नळीनं दाब मोज, असंही सांगितलं, आणि फळीचा फोटो पाठवला. तो म्हणाला, नळी हाय, वहीही घेतलीय.